न विस्कटलेला मुग्गू

रेल्वेच्या सिग्नल खात्यात मी चौतीस वर्षे काढली. तिथला पहिला धडा असा की, दिवा विझलेला सिग्नल धोक्याचाच मानावा. त्याहून वाईट बिघाड एकच: पुढचा मार्ग मोकळा नसताना हिरवा दिसणारा सिग्नल. निवृत्तीनंतर तसा एक सिग्नल मी स्वतः उभा केला.

तारनाक्याच्या आमच्या गल्लीत अकरा घरे. एका बिल्डरने त्यांतली नऊ विकत घेतली. उरली दोन, आमचे आणि समोरच्या अक्कांचे. अक्का तेलुगू, विधवा, एकट्या राहणाऱ्या. वयाने माझ्याएवढ्याच, तरी मला अन्ना म्हणत. ही दोन घरे हाती आल्याशिवाय इमारत उठणार नव्हती. म्हणून बाकीची कुलपे लावून तशीच ठेवलेली. मग चोर येऊ लागले. आधी नळ गेले, नंतर वायरी, नंतर एका घराचे सागवानी दार चौकटीसकट. आम्ही नवरा-बायको दोघे होतो. अक्का एकट्या होत्या. काळजी त्यांचीच होती.

या शहरात रिकामे घर ओळखायला कुलूप पाहावे लागत नाही. सकाळी दारापुढे सडा टाकून मुग्गू घालतात, म्हणजे आपली रांगोळी. तो नसला की घर रिकामे. मी त्यावर उपाय काढला. गल्ली झाडायला येणाऱ्या बाईला बंद दारांपुढे रोज मुग्गू घालायचे काम सांगितले.

"खाली घराँ के सामने कायकू साब?" ती हसली. "भूताँ बैठ के देखते क्या?"

"चोर देखते. जो दरवाजा कोरा दिखा, उधर डालना. अंदर से आवाज आई तो रुकना नक्को. कबूतर हैं."

"हौ."

चोऱ्या थांबल्या. गल्लीला मात्र निराळेच रूप आले. सकाळी बाहेर पडावे तर नऊ बंद दारांपुढे नऊ ओले सडे, नऊ ताजे मुग्गू. जणू घरातले कोणी नुकतेच पीठ घालून हात धुवायला आत गेले आहे. नांदत्या घराचा मुग्गू दहा वाजेपर्यंत पावलांनी विस्कटतो. हे दिवस मावळेपर्यंत जसेच्या तसे राहत. पत्नी त्या बाजूने जायची टाळू लागली. मी तिला वेड्यात काढले. पुढे एका सकाळी अशाच एका दारावरून जाताना माझाच हात सवयीने नमस्कारासाठी वर गेला. ते मी तिला सांगितले नाही.

"अहो, अक्का आज दुधाला जाताना दिसल्या नाहीत," एकदा पत्नी म्हणाली.

मी खिडकीतून पाहिले. "मुग्गू घातलेला आहे. उठल्यात त्या."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारले. मी पुन्हा तेच उत्तर दिले, अंमळ तुटकपणे.

त्या दुपारी चारला औषध आणायला निघालो आणि अक्कांच्या दारापुढे थबकलो. मुग्गू सुरेख होता. एकही रेघ मोडलेली नव्हती. दिवसभरात त्या दारातून कोणी बाहेर आले नव्हते. दार वाजवले. आतून बारीक घुमल्यासारखा आवाज आला, अगदी कबुतरासारखा.

कडी तोडावी लागली. अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. खुबा मोडलेला. आदल्या दिवशी पहाटे मुग्गू घालण्यापूर्वीच त्या घसरल्या होत्या.

दवाखान्यात बोलण्याइतकी ताकद आल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"अन्ना, मेरे दरवाजे पे झाडू कौन मार रा था? दो सुबू मैं बुलाई. झाडू रुकी. फिर चलने लगी."

मी झाडणाऱ्या बाईला विचारले. तिने नजर चुकवली नाही.

"दरवाजा कोरा दिखा, डाल दी. आवाज आई थी साब. आपीच बोले थे, रुकना नक्को."



अक्का वाचल्या. त्यांची लेक त्यांना दिलसुखनगरला घेऊन गेली, घर बिल्डरकडे गेले. मी सगळे मुग्गू बंद करवले. आता दहा दारे कोरी दिसतात आणि ती घरे रिकामीच आहेत. चोर पुन्हा येतात. येऊ देत.

आमच्या दारापुढे पत्नी स्वतःच्या हाताने मुग्गू घालते. तिने तो अक्कांकडून शिकून घेतला होता. मी सर्वांत आधी बाहेर पडतो आणि मुद्दाम त्यावरून चालतो. ती बाई अजून याच वाटेने पलीकडच्या गल्लीत कामाला जाते. तिला मी एवढेच बजावले आहे: पाऊल उमटलेले दिसले नाही, तर दार वाजव.

परवा गुडघा धरला होता. नऊ वाजले तरी मी खुर्चीतच. दार वाजले, जोरात, मग पुन्हा. उघडले तर ती समोर, हातातला झाडू छातीशी धरून. चेहरा पांढरा पडलेला.

"पाँव नहीं दिखा, साब."

मी काठी घेतली, उंबरा ओलांडला आणि तिच्यासमोर मुग्गूवर पाय ठेवला.