त्यांनी जोडलेले शाफ्ट

आज सकाळी अकोल्याच्या गॅरेजमध्ये मी ह्यांचं काम बाद करून आले. तेव्हापासून मन लागत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

ज्या वर्षी कापूस हातचा गेला, त्या वर्षी ह्यांच्याकडे दुरुस्तीला ट्रॅक्टर येईनासे झाले. रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन बसवलं. गिअरबॉक्स जुनाच ठेवला. चाकं फिरवणारे शाफ्ट लांब पडले, तर ते कापून स्वतः वेल्डिंगने जोडले. गाडी पुरी व्हायच्या आत ते गेले.

मुलीला ती चालवायची आहे. बाबांनी केलेली गाडी. त्यामुळे वर्षभर मी त्यांचीच गाडी-दुरुस्तीची पुस्तकं वाचत होते.

आज त्यांचे गॅरेजमधले जोडीदार रफीकभाई यांना मी म्हटलं, "हा गिअरबॉक्स एवढ्या इंजिनाचा जोर सोसनार नाई. मोठा पाहा. अन् शाफ्ट त्याच्या मापाचे, बिनजोडाचे आना."

"मले मालूम होतं, भाबी. मी त्याले तवाच म्हनलो, जोडलेला शाफ्ट वेगात तुटते. तो म्हने, तू आपले ट्रॅक्टर पाह्य."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"कसं सांगू? त्याच्या हातचं तेवढंच तं राह्यलं."

जुने शाफ्ट मी घरी आणले. जोडावरून बोट फिरवलं, तर कुठेच अडकत नाही. इतकं घासलं होतं त्यांनी.

मुलगी दिवाळीला येईल. तिला खरं सांगू, की नुसती किल्ली हातात देऊ? तुम्ही काय केलं असतं?