आउटपुटचा जोड

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. आता ज्याला सांगायची तो राहिला नाही, म्हणून लिहितो आहे. यात धैर्य काही नाही.

इकडे उत्तरेत, लष्कर नावाच्या पेठेतल्या माझ्या घरी, गच्चीवरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी आम्ही तिघे हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचे, सेट बनवायला जमायचो. मी निवृत्त इंजिनिअर, माझा परवाना सगळ्यांत जुना, म्हणून गुरू मीच. दुसरे भौतिकशास्त्राचे हिंदीभाषक प्रोफेसर. तिसरा दौलतगंजातला माझा बालमित्र. जन्मभर कारकुनी करून साठीनंतर त्यानं परवान्याची परीक्षा दिली होती. पूर्ण सेट स्वतःच्या हातानं बनवायचा आणि त्यावरून आपला आवाज पाठवायचा, एवढीच त्याची हौस. हात जरा कापायचा. सोल्डरचा एकेक जोड तो श्वास रोखून द्यायचा. असे आठ महिने गेले.

भिंतीवर माझ्याच अक्षरात कागद होता : ‘अँटेना जोडल्याशिवाय बटण दाबू नये.’ बोलायचं बटण तसं दाबलं तर पॉवरला बाहेर जायला वाट नसते, आणि आवाज बाहेर सोडणारा आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो.

त्याचा सेट पुरा झाला. चाचणी रविवारी ठरली. शनिवारी दुपारी मी एकटाच वर गेलो. एकदा तपासून ठेवू, असं मनाला सांगितलं; खरं म्हणजे पहिलं आपण बोलावं, हा मोह. अँटेनाची केबल आदल्या दिवशी साफ करायला मीच काढून ठेवली होती, ते विसरलो. बटण दाबून दोन शब्द बोललो, आणि जळका वास आला. मी खिडकी उघडली, केबल जोडली, आणि खाली येऊन जेवलो.

रविवारी तो तिळाच्या गजकचा डबा घेऊन आला. बटण दाबलं. मीटरचा काटा हलला नाही. पुन्हा दाबलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी झाकण काढून भिंग धरलं.

“आउटपुटचा जोड ड्राय आहे, मंद दिसतोय, पक्का धरला नाही. त्यानंच ट्रान्झिस्टर गेला.”

तो वाकला. “मला तर चकचकीत दिसतोय रे.”

“मग चष्मा बदल.”

प्रोफेसर हसले. “बाबूजी, आप तो गजक खिलाइए, सोल्डर हम पे छोड़िए.”

तोही हसला. जोड खरोखरच चकचकीत होता.

पुढच्या रविवारी मी नवा ट्रान्झिस्टर बसवला. सेट लागला. मी माइक त्याच्यापुढे केला, तर त्यानं हात मागे घेतला. “तूच बोल. आता तुझाच सेट झाला हा.”

नंतर तो यायचा, पण लांब बसायचा. वर्षभरानं एकदा वर्तमानपत्रात गुंडाळून एक जुना सर्किट बोर्ड घेऊन आला. त्यावर जोडच जोड, ओळीनं, कडेपर्यंत.

“घरी सराव केला,” तो म्हणाला. “खरं सांग, जमतंय? जमत असेल तर नवा सेट घेतो करायला.”

मी भिंगातून पाहिलं. एकही जोड वाईट नव्हता. पण तसं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग तेव्हा काय चुकलं होतं?

“सुधारतंय,” मी म्हणालो. “अजून थोडा सराव कर.”

त्यानं बोर्ड नीट गुंडाळला. त्यानंतर त्यानं सोल्डरिंग केलं नाही.

तो गेला गेल्या हिवाळ्यात. तेराव्याला वहिनींनी त्याचं सोल्डरिंग आयर्न आणि तो बोर्ड माझ्या हातात ठेवला. “तुम्हीच शिकवलंत त्यांना,” म्हणाल्या. तेव्हा तरी निदान त्यांना सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि जिना उतरलो.

बोर्ड इथे टेबलावर आहे. त्याला सांगायचं होतं ते एवढंच : तुझा जोड पक्का होता रे. सेट मी जाळला. मला माफ कर.