तक्त्यातली दुसरी ओळ

भूतबित, करणीबिरणी यावर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. आठव्या वर्षापासून मला दिसत नाही. त्यामुळे ‘अंधारात काहीतरी पांढरं दिसलं’ छापाचे तुमचे किस्से वाचून मला हसूच येतं... मला तर अंधारही दिसत नाही हो! आता स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

उमरग्यात हायवेला लागून, ट्रकवाल्यांच्या एका हॉटेलाशेजारी आमचं दुकान आहे. ह्यांचं झेरॉक्स मशीन आणि माझा लॅपटॉप. लोकांचे ऑनलाइन फॉर्म मी भरते. लॅपटॉपवर स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं तो बोलून दाखवतो, आणि मी ट्रॅकपॅडवर बोटांनी त्याला हाकते. एक बोट उजवीकडे झटकलं की पुढचा रकाना. दोन बोटं नळाची तोटी पिळल्यासारखी फिरवली की मथळे, तक्ते, बटणं, जे हवं ते निवडता येतं. दोनदा टकटक केलं की बटण दाबलं जातं. आणि तीन बोटांनी तीनदा टकटक केलं की स्क्रीन पूर्ण काळी! मी ती काळीच ठेवते. लोकांचे कागद मागे उभ्या असलेल्यांनी कशाला वाचायचे? नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, “मॅडम, लाइट गेली का?” आवाजही मी इतका वेगात लावलाय की ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलंय. मला मात्र शब्द न् शब्द कळतो. याचा मला थोडा गर्व आहे, लपवत नाही.

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. दुकानात मी, हे, आणि एक म्हातारे गृहस्थ — गुरुनाथकाका. पहिल्यांदाच आले होते.

“बाई, आमच्या घरातली गेली. महिना झाला,” ते म्हणाले. “रेशनकार्डावरनं तिचं नाव कमी करायचंय.”

“मूलबाळ?” मी विचारलं.

“न्हाय.” जरा उशिरानेच म्हणाले. “कार्डावर आमी दोघंच. आता म्या एकटा.”

फॉर्म सोपा होता. काकूंचं नाव काढलं, मृत्यूचा दाखला जोडला. पाठवायच्या आधी कार्डावर उरलेल्या माणसांचा तक्ता येतो, तो मी ऐकून घेते. बोटं पिळून तक्त्यावर गेले. आवाज आला, “तक्ता. दोन ओळी.”

दोन कशा? एकच हवी. बोट झटकलं. पहिली ओळ, गुरुनाथ. दुसरी ओळ — “सुवर्णा. नातं, मुलगी. वय, रिकामं.”

माझी एक खोड आहे. आधीच्या गिऱ्हाईकाचा फॉर्म बंद न करताच मी पुढच्याचा उघडते, आणि स्क्रीन काळी असल्यामुळे ते ह्यांच्याही लक्षात येत नाही. पूर्वी एकदा असा घोळ घातला होता, ह्यांची बोलणीही खाल्ली होती. म्हणून सगळं बंद केलं आणि फॉर्म पहिल्यापासून भरला. पुन्हा दोन ओळी. पुन्हा सुवर्णा!

शेवटी तीन बोटांनी टकटक करून स्क्रीन उघडली आणि ह्यांना हाक मारली. “अहो, जरा बघा. किती नावं आहेत?”

“एकच हाय. काकांचं.”

“नीट बघा.”

“अगं एकच हाय! डोळे फुटले न्हाईत माझे,” असं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. एरवी हे वाक्य मी आठवडाभर तरी पुरवलं असतं. पण हे शेजारी उभे राहून एकच ओळ बघत होते, आणि माझ्या बोटाखाली आवाज दुसरी वाचत होता.

मग मी सरळ विचारलं, “काका, सुवर्णा कोण?”

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मग काका एकदम बारीक आवाजात म्हणाले, “ह्ये नाव तुमाला कुणी सांगितलं?”

“मशीननं वाचलं,” मी म्हटलं. मी मूळची बेंबळीची, लग्न होऊन इथं आलेली. काकांच्या घरातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं.

काकांनीच सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली. त्यांच्या थोरल्या बहिणीला मूल नव्हतं, ती तिकडं कर्नाटकात, बसवकल्याणला दिलेली. बारसं झालं आणि तेराव्या दिवशी काकांनी लेक बहिणीच्या ओटीत घातली. कधी सांगायचं नाही, असा शब्द दिला. तिकडं पोरीचं नाव बदललं. ती काकांना मामा म्हणते. बहीण गेल्या वर्षी वारली, त्याआधी ‘शब्दातून मोकळं केलं’ म्हणाली. काकू जाताना एकच बोलल्या, पोरीला सांगा. पण काकांची हिंमत होईना.

“सुवर्णा म्हून पाळण्यात म्या एकदाच हाक मारली, बाई. त्ये नाव कुठंच लिव्हलेलं न्हाय. कार्डावर न्हाय, शाळंत न्हाय... आता ती मामा म्हणती, त्येबी म्हणायची न्हाय मग. मला लई भ्या वाटतं.”

मी म्हटलं, “काका, माझं ऐका. सांगून टाका.” दुसरं काय म्हणणार?

मग पुन्हा तक्त्यावर गेले. “एक ओळ.” फॉर्म पहिल्याच टकटकीत गेला.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, पानात लपवलेला मजकूर स्क्रीन रीडर वाचतो, जो डोळ्यांना दिसत नाही. मला माहीत आहे, अशा लपलेल्या ओळी मी रोज ऐकते. पण जे नाव कुठं लिहिलंच नाही, ते लपणार तरी कुठून? नंतर तसे कितीतरी फॉर्म भरले, मुद्दाम दोन दोनदा तक्ता ऐकला. जितकी माणसं तितक्याच ओळी. काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

साधारण महिन्याने काका आले, आणि सोबत एक बाई. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. तळवे खरखरीत, बांगड्या काचेच्या.

“ताई, त्या दिवशी तुमी ऐकलं म्हणं माझं नाव,” ती म्हणाली. बोलण्याला कानडी हेल होता. “कसं घेतलं वो त्यानं?”

मी खरं तेच सांगितलं. मशीन ते, बाकी सगळं वाचतं तसंच सपाट वाचलं.

मग ती म्हणाली, “ह्यांनी समदं सांगितलं. पन नाव काय अजून घेतलं न्हाय. घ्या की. मला ऐकायचंय.”

काकांचा श्वास अडखळलेला मला ऐकू आला. ह्यांनी उठून झेरॉक्स मशीन बंद केलं.

“सुवर्णा,” काका म्हणाले.

“ओ, अप्पा.”