गुरुजींच्या गोष्टीचा शेवट

आमच्या मंडळाला वेडं म्हणायचं की खुळं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. पन्नाशी उलटलेली तीसेक माणसं दर डिसेंबरात मालवणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जमतात आणि लहानपणीच्या साहसकथांवरून दिवसभर भांडतात. डोक्याला फडकी बांधून खजिना शोधतात. तो खजिनाही कमरेच्या उंचीवर ठेवावा लागतो, कारण वाकायचं कुणी? मी या मंडळाची चिटणीस. हौसेने ओढवून घेतलेलं दुखणं!

सगळ्याचं मूळ आमचे गुरुजी. त्यांनी शाळेत प्रत्येक वर्गाला एकच पुस्तक वाचून दाखवलं. तीन भावंडं, एक फुटकी होडी, समुद्रातली गुहा. शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, म्हणून शेवट गुरुजी तोंडी सांगत. आणि दर वर्षी निराळा! माझ्या वर्गात मुलं पोहून सुटली. आता बांद्याला दुकान चालवणारा एकजण आहे, त्याच्या वर्गात होडी बुडाली. देवगडला दिलेली एक बाई आहे, तिच्या वर्गात गुहेतून हरवलेले आजोबा बाहेर आले. प्रत्येकाला आपलाच शेवट खरा वाटतो.

यंदा मी ठरवलं, गुरुजींच्याच तोंडून शेवट लिहून घ्यायचा. नव्वदीला टेकलेत. त्यांच्या सुनेने फोनवर बजावलं होतं, "अकरापर्यंत ते बरे आसतत. मगे त्यांका काय्येक आठवणा नाय. विचारूचा ता आधी विचारून घेवा."

गुरुजी नऊला आले. मला नावाने हाक मारली. मी खुर्ची मांडली, वही उघडली. पण आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला जाहीर साकडं, घातल्याशिवाय कशाला सुरुवात होत नाही. तो मान मी बांद्याच्या दुकानदाराला दिला. माझंच चुकलं!

त्याने नारळ पुढे ठेवून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही लेकरां वर्षातसून एकदा जमतत, तेंका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आणि होडी बुडता तोच शेवट खरो, ह्या ह्येंका पटान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अर्धी माणसं सवयीने ओरडली आणि मग जीभ चावून बसली.

झालं! देवगडची बाई पदर खोचून उभी राहिली. "देवासमोर खोटा बोलतंस? परत घाल गाऱ्हाणा!" तो म्हणे, एकदा घातलेलं मागे घेता येत नाही. कुणीतरी दुसरा नारळ आणायला पळालं. अहो, नारळ राहू द्या, गुरुजींना बोलू द्या, असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. ऐकतंय कोण? दुसरं गाऱ्हाणं झालं, मग माझ्याच वर्गातल्यांना तिसरं सुचलं. मेल्यांनो! घड्याळात अकरा वीस झाले होते.

मी गुरुजींची खुर्ची ओढून मधोमध आणली. त्यांनी सुरुवात केली. आवाज तसाच, खडा. वल्ही, काळोख, चढतं पाणी, गुहेच्या तोंडाशी तीन मुलं. मी पेन टेकवलं आणि ते थांबले. आमच्याकडे एकेक करून पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मगे? फुडे काय झाला गो?"

 सकाळपासून बोंबलणारा दुकानदार फुटलेल्या नारळांची शकलं गोळा करायला लागला. मला त्याचा राग आला, सगळ्यांचा आला, सर्वांत जास्त स्वतःचा आला. दोन तास हातात होते आणि आम्ही ते नारळ फोडण्यात घालवले.

शेवटी मीच सांगितलं. होडी बुडवली, मुलांना पोहायला लावलं, गुहेतून कंदील घेतलेले आजोबाही काढले. कुणी हरकत घेतली नाही. गुरुजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"बरी सांगलंस गो," ते म्हणाले. "कोणी शिकवल्यान तुका?"

"तुम्ही, गुरुजी!" मी जवळजवळ खेकसलेच. "तुम्हीच!"

ते हसले. त्यांना ते पटलं नव्हतं.