दादाच्या अभंगाची शिकवणी

त्या वर्षी मी फार थकलेला होतो, एवढं पक्कं आठवतं. खोपोलीच्या वीजघरातली पाळी, घरी एकटी आई, आणि दादा जाऊन वर्ष भरत आलेलं. दादा, माझा थोरला भाऊ, म्हणजे आमच्या भजनी मंडळाचा गळा. मी त्याच्या मागे बसून व्हायोला वाजवायचो. मुंबईच्या जुन्या बाजारातून व्हायोलिन समजून आणला होता. घरी आल्यावर कळलं, हा आकारानं मोठा आणि आवाजानं जाड. दादाच्या गळ्याशी मात्र त्याचं छान जमलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "त्याचा अभंग तूच वाजव रं. गाणारं कोणी नको." झालं! जन्मभर साथ केलेल्या माणसाला एकट्यानं वाजव म्हणायचं! पण तिला नाही कसं म्हणू?

कर्जतला मुंबईचे एक व्हायोलिन शिकवणारे मास्तर हवापालटाला आले होते. दर रविवारी आम्हा चौघा शिकणाऱ्यांना ओसरीवर बसवत. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पाळी संपवून तिथे पोचेपर्यंत माझा पार भुगा झालेला असे. मी दादाचा अभंग वाजवला. सूर बिनचूक लागले.

"ओळीच्या मध्येच तारांवरून गज का उचलता?" मास्तरांनी विचारलं.

"कुठं उचलतो?" म्हणत मी पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा तिथेच उचलला. बाकीचे तिघे हसू दाबायला लागले. माझं डोकंच फिरलं. तिसऱ्यांदा हात थांबला तेव्हा उमगलं. दादाला दमा होता. तिथे ओळ तोडून तो श्वास घ्यायचा आणि मी थांबायचो. बारा वर्षं हेच.

मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "ते त्यांचं गाणं. तुम्हाला दमा नाही ना? मग गज ओढत राहा. उलट तिथेच जरा दाबा."

दुपारभर तेवढंच घोटलं. खांदा भरून आला. रडूही आलं, चौघांत लाज वाटली. शेवटी ओळ सलग गेली. मास्तर म्हणाले, "आता वाद्य बोललं."

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी तसंच वाजवलं. मंडळींनी माना डोलावल्या, एकानं पाठ थोपटली. आई दाराशी बसली होती. मी जवळ गेलो.

"चांगलं वाजवलंस," ती म्हणाली. "पण तिथं थांबला नायस रं. त्याला दम तरी घेऊ द्यायचास."