घरच्यासाठी तांब्याची गोळी

इथे आखातात, राई नावाच्या भागातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर आहे. गिऱ्हाइकाच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो, एवढं शिकलो आहे. तरी यंदाच्या थंडीत एका जुन्या गिऱ्हाइकाने माझं डोकं असं फिरवलं, की ते अजून ठिकाणावर नाही.

म्हातारा तसा दिलदार. सीमेपलीकडच्या स्वतःच्या शेतावर हरणं मारायला जायचा आणि येताना दुकानातल्या सगळ्यांना मटणाचा वाटा आणायचा. वाटा म्हणजे कुठला? मांड्या त्याच्या घरी, आम्हाला खांदा आणि मान, म्हणजे गोळी घुसते तेवढं. आम्ही खूश. हलाल मटण, तेही घरपोच मिळाल्यासारखं. माझी बायको रत्नागिरीकडची, मटण तीनदा धुतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. त्या फाटक्या तुकड्यांचा ती झक्कास खिमा करायची.

मग गोळ्यांच्या कंपनीचा माणूस नव्या तांब्याच्या गोळ्या समजवायला आला. त्याने हरणाच्या खांद्याचा एक्स-रे दाखवला. शिशाची गोळी आत फुटते. जखमेपासून चांगले वीतभर लांब पांढरे कण पसरले होते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, धुवून जात नाहीत. पोटुशा बायकांना आणि लहान मुलांना तर ते फारच वाईट, असं तो म्हणाला. माझ्या बायकोला पाचवा महिना होता.

घरी जाऊन सांगितलं. "तीनदा धुवलंय मी ते," ती म्हणाली. मग तिने फ्रीजरमधला सगळा खिमा काढून कचऱ्यात टाकला आणि जेवली नाही.

थोड्या दिवसांनी म्हातारा आला. त्याच्या सुनेला दिवस गेले होते आणि डॉक्टरने शिसं लागलेलं मांस बंद करायला सांगितलं होतं. मला मनापासून बरं वाटलं. मी त्याला सगळं नीट समजावलं: तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, तुमच्या बंदुकीच्या नळीला थोडी हलकीच घ्या. ती फार लांबून मारू नका, वेग कमी पडला तर गोळीचं तोंड उघडत नाही. आणि बंदूक पुन्हा निशाण्यावर लावून घ्या. त्याने शहाण्या मुलासारखं ऐकलं आणि पेटी घेतली.

"शिशाच्या गोळ्या घरी पडल्यात, त्यांचं काय करू?" त्याने विचारलं. आम्ही परत घेत नाही, मी म्हणालो. "हरकत नाही. आधी त्या संपवतो. ते मटण वाटायला होईल. घरच्यासाठी तांब्याची." माझ्या खांद्यावर हात ठेवून वर म्हणाला, "तुमचा वाटा कुठे जात नाही."

कपट असतं तर मी समजू शकलो असतो. पण तो अगदी मायेने बोलत होता, आणि त्यानेच माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याची सून ती सून, आणि माझी बायको कोण?

पुढच्या फेरीला त्याने काउंटरवर पिशव्या मांडल्या. मी विचारलं, "बाबा, हे कुठल्या गोळीचं?"

"हलाल आहे. बिस्मिल्ला म्हणून मारलंय."

"बिस्मिल्ला तांब्याच्या गोळीवरही म्हणता येतं. हे तुम्ही सुनेला वाढाल?"

मॅनेजर मागून डोळे वटारत होता. वटारू दे. म्हाताऱ्याने विचारलं, "तुझ्या घरी कोण आहे?" इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं.

तो खरोखर ओशाळला. माफ कर म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून परत गाडीत ठेवून आला. दुकानातल्या बाकीच्यांच्या पिशव्या काउंटरवर तशाच होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"त्यांचं काय?" तो म्हणाला. "ते तर एकटेच राहतात ना?"