लावरीसाठी सोडलेलं गवत

मंडळी, धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून आत्ताच घरी आलेय. अंग आंबलंय, पण हे सांगितल्याशिवाय झोप यायची नाय.

काल मी आणि सासूबाई खांबजवळच्या आमच्या माळावर म्हशींसाठी गवत कापत होतो. अगदी विळ्याजवळून लावरी फडफडत उडाली. हा मातीच्या रंगाचा पक्षी, पाय पडेपर्यंत हलत नाही. ती बसली होती तिथे खळगा आणि त्यात अंडी.

सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो तेवढं."

घरट्याभोवती हातभर गवत सोडलं आणि बाकीचा माळ साफ केला. काहीतरी बरं केल्यासारखं वाटलं.

आज येताना मुद्दाम बघायला गेले. बोडक्या माळावर तो एकच झुपका लांबून दिसत होता. मला दिसला, तसा कावळ्यांनाही दिसला असणार. खळग्यात नुसती टरफलं होती.

घरी सांगितलं, तर सासूबाई एवढंच बोलल्या, "सगला माळच तिचा आडोसा व्हता गो."

म्हशींना गवत तर लागतंच. उद्या खालचा तुकडा कापायचाय. तिथेही लावरी उठली, तर विळा कुठे थांबवू?